अति आणि उणे यांच्या मधोमध : मेंदूतील एनएमडीए ग्राहींचा आढावा

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील एक पेशी दुसरीला उत्तेजित करते तेव्हा त्या निरोपाचे रसायन बहुतेक वेळा ग्लुटामेट हेच असते. दोन चेतापेशी एकमेकींच्या अगदी जवळ येतात पण चिकटत नाहीत, अशा जागेला चेतासंधी म्हणतात. ग्लुटामेट या संधीच्या अलीकडच्या काठावरून सुटते, मधली सूक्ष्म फट ओलांडते आणि पलीकडच्या पेशीच्या आवरणात रोवलेल्या विशिष्ट प्रथिनांना जाऊन चिकटते. रसायनाचा निरोप स्वीकारणाऱ्या या प्रथिनांना ग्राही असे नाव आहे. ग्लुटामेटचे ग्राही अनेक प्रकारचे असले तरी त्यांतील एनएमडीए ग्राहीने गेल्या अर्धशतकात मेंदूविज्ञानाला जितके कामाला लावले, तितके फार थोड्या रेणूंनी लावले असेल. शिकणे आणि लक्षात ठेवणे, बालपणी होणारी मेंदूची घडण, पक्षाघातात होणारा पेशींचा नाश, अपस्मार, स्मृतिभ्रंश, चिवट वेदना, स्किझोफ्रेनिया, नैराश्य आणि प्रतिकारयंत्रणेच्या चुकीतून होणारा मेंदूदाह या सर्वांच्या चर्चेत या एकाच ग्राहीचे नाव येते.

एकाच प्रथिनाचा इतक्या निरनिराळ्या अवस्थांशी संबंध कसा, हा या आढाव्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. हाती आलेल्या पुराव्यातून दिसते ते असे, की या ग्राहीचे काम फार वाढले तर पेशी मरतात आणि फार घटले तर विचारांची घडी विस्कटते. त्यामुळे त्याला सरसकट दाबणारे किंवा सरसकट चेतवणारे उपचार बहुधा फसले, आणि मात्रा, जागा व वेळ यांचे भान ठेवणारे मोजके उपचार तेवढे टिकले.

शोधाची वाटचाल

ग्लुटामेटची व्यापक ओळख स्वयंपाकघरातून झाली. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली कोंबू नावाच्या समुद्री शेवाळापासून ते वेगळे काढले आणि त्याच्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. हे रसायन शरीरातील प्रथिनांचा साधा घटक असल्यामुळे आणि चयापचयात सर्वत्र सापडत असल्यामुळे ते मेंदूतील निरोप्याचेही काम करत असेल, ही कल्पना शास्त्रज्ञांना दीर्घकाळ पटत नव्हती. १९५० च्या दशकात ताकाशी हायाशी यांनी ग्लुटामेट थेट मेंदूच्या बाह्यकावर, म्हणजे सर्वांत वरच्या थरावर, लावले तेव्हा प्राण्यांना झटके आले. त्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे डेव्हिड कर्टिस, जॉन फिलिस आणि जेफ वॉटकिन्स यांनी मज्जारज्जूतील पेशी ग्लुटामेटने उत्तेजित होतात हे मोजून दाखवले.

वॉटकिन्स हे मुळात रसायनशास्त्रज्ञ होते. ग्लुटामेटशी साधर्म्य असलेली अनेक संयुगे त्यांनी प्रयोगशाळेत तयार केली आणि त्यांतील एन-मिथाइल-डी-अ‍ॅस्पार्टेट, म्हणजेच एनएमडीए, हे संयुग ग्लुटामेटपेक्षा कितीतरी प्रभावी ठरले. पुढे या संयुगाला दाद देणारे आणि न देणारे असे ग्लुटामेट ग्राहींचे निरनिराळे गट असल्याचे स्पष्ट झाले आणि दाद देणाऱ्या गटाला त्याचेच नाव मिळाले. म्हणजे हे नाव त्या ग्राहीच्या नैसर्गिक कामावरून आलेले नसून त्याला ओळखण्याच्या कसोटीवरून आलेले आहे. त्यानंतर वॉटकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे या ग्राहीला नेमकेपणाने अडवणारे एपी-५ हे संयुग उपलब्ध करून दिले, आणि तेथून खऱ्या अर्थाने या विषयाला वेग आला. कारण एखाद्या प्रथिनाचे काम कळण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे ते बंद पाडून काय थांबते ते पाहणे.

अनेक अटींवर उघडणारे दार

एनएमडीए ग्राही ही पेशीच्या आवरणात बसवलेली एक नळी आहे. चार तुकडे एकत्र येऊन ती बनते आणि उघडली की तिच्यातून विद्युतभारित कण, म्हणजे आयन, ये-जा करतात. या तुकड्यांची माहिती सात जनुकांमध्ये साठवलेली असते. त्यांतील पहिल्या प्रकारचा, ग्लुएन-१ नावाचा तुकडा प्रत्येक ग्राहीत लागतोच. उरलेल्या जागी बहुधा ग्लुएन-२ च्या ए, बी, सी, डी या चार प्रकारांपैकी तुकडे येतात, तर क्वचित ग्लुएन-३ चे. कोणता प्रकार बसला यावरून नळी किती वेळ उघडी राहणार आणि औषधांना कसा प्रतिसाद देणार हे ठरते. १९९१ साली क्योतो येथे शिगेतादा नाकानिशी यांच्या गटाने ग्लुएन-१ चे जनुक वेगळे काढले, आणि २०१४ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी संपूर्ण ग्राहीची त्रिमिती रचना स्फटिकांच्या साहाय्याने प्रसिद्ध केली.

या नळीचे वैशिष्ट्य तिच्या उघडण्याच्या अटींमध्ये आहे. बँकेतील लॉकर उघडायला ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन्ही किल्ल्या लागतात, त्याचप्रमाणे येथे ग्लुएन-२ वर ग्लुटामेट आणि ग्लुएन-१ वर ग्लायसिन किंवा डी-सेरिन हे साहाय्यक रसायन, अशा दोन्हींचे बसणे आवश्यक असते. ग्लायसिनची ही भूमिका जॉन्सन आणि अ‍ॅशर यांनी १९८७ साली प्रथम दाखवली. मात्र दोन्ही किल्ल्या लागल्यावरही दार उघडतेच असे नाही, कारण नळीच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा एक आयन बुचासारखा अडकलेला असतो. पेशी विश्रांत असताना तिच्या आतल्या बाजूचा विद्युतदाब बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो आणि हा ऋण भार धनभारित मॅग्नेशियमला आत ओढून धरतो. शेजारच्या अ‍ॅम्पा नावाच्या जलद ग्राहींमुळे पेशी आधीच उत्तेजित झाली आणि आतला ऋण भार कमी झाला, तरच हे बूच सुटते. १९८४ साली पॅरिस येथील अ‍ॅशर यांच्या गटाने आणि अमेरिकेतील मेयर व वेस्टब्रुक यांच्या गटाने ही गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध केली.

याचा अर्थ असा, की अलीकडच्या पेशीने निरोप पाठवणे आणि पलीकडची पेशी त्याच वेळी जागी असणे, या दोन घटना एकत्र घडल्या तरच एनएमडीए ग्राही पुरता उघडतो. तो योगायोगाची नोंद घेणारा रेणू आहे. अ‍ॅम्पा ग्राही काही मिलिसेकंदांत मिटतात, परंतु हा ग्राही दहापट ते शंभरपट अधिक काळ उघडा राहतो आणि त्यातून सोडियमबरोबर कॅल्शियमही मोठ्या प्रमाणात आत शिरते. पेशीच्या आत कॅल्शियम हा साधा क्षार नसून हुकूम असतो. ते किती आले आणि किती वेळ राहिले यावरून पुढची सारी रासायनिक कामे सुरू होतात किंवा थांबतात.

स्मरणाची यंत्रणा

एकाच वेळी उत्तेजित होणाऱ्या पेशींमधील दुवे बळकट होत असावेत, असा तर्क कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला होता. त्याला प्रत्यक्ष आधार मिळाला तो १९७३ साली. ओस्लो येथे टिमथी ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागात, चेतातंतूंना काही क्षण जलद विद्युत स्पंदने दिली, आणि त्यानंतर तेथील चेतासंधी कित्येक तास अधिक जोरकस प्रतिसाद देत राहिले. या परिणामाला दीर्घकालीन दृढीकरण म्हणता येईल. १९८३ साली ग्रॅहम कॉलिंग्रिज आणि सहकाऱ्यांनी एपी-५ वापरून एनएमडीए ग्राही अडवले, तेव्हा नेहमीचे निरोप चालू राहिले पण दृढीकरण मात्र घडले नाही. हेब यांच्या तर्काला रेणूचा पत्ता मिळाला तो येथे.

प्रयोगशाळेतील विद्युत बदल म्हणजेच शिकणे, असे म्हणण्यासाठी जिवंत प्राण्याच्या वर्तनाचा पुरावा हवा होता. तो १९८६ मध्ये रिचर्ड मॉरिस यांच्या प्रयोगाने दिला. गढूळ केलेल्या पाण्याच्या गोल टाकीत पृष्ठभागाखाली एक चौथरा लपवलेला असतो. टाकीत सोडलेला उंदीर सुरुवातीला सैरावैरा पोहतो, पण काही फेऱ्यांनंतर भिंतीवरील खुणा पाहून नेमका चौथऱ्याकडे वळू लागतो. ज्या उंदरांच्या मेंदूत एपी-५ सोडले होते, त्यांना पोहता येत होते आणि दिसतही होते, तरी चौथऱ्याची जागा शिकणे त्यांना फार जड गेले. १९९६ साली जनुकीय तंत्राने हिप्पोकॅम्पसच्या एकाच पट्ट्यातील ग्लुएन-१ काढून टाकलेल्या उंदरांमध्येही असाच दोष आढळला, तर १९९९ मध्ये ग्लुएन-२बी चे प्रमाण वाढवलेले उंदीर काही चाचण्यांत सामान्य उंदरांपेक्षा सरस ठरले. ब्लिस, कॉलिंग्रिज आणि मॉरिस यांना या कार्यासाठी २०१६ चा 'ब्रेन प्राइझ' हा सन्मान मिळाला.

दृढीकरण घडते कसे, याचेही चित्र बरेच स्पष्ट झाले आहे. आत शिरलेले कॅल्शियम कॅमकायनेज-२ नावाचे विकर जागे करते; हे विकर स्वतःलाच रासायनिक खूण करून कॅल्शियम ओसरल्यावरही काही काळ कार्यरत राहते, आणि पलीकडच्या काठावर नवे अ‍ॅम्पा ग्राही बसवले जातात, त्यामुळे पुढचा तोच निरोप अधिक मोठ्याने ऐकू येतो. उलट कॅल्शियम थोडे आणि संथपणे आले तर दुसरी विकरे कामाला लागतात, अ‍ॅम्पा ग्राही काढून घेतले जातात आणि तो दुवा सैल पडतो. लक्षात ठेवणे आणि विसरणे या दोन्हींची सुरुवात अशा रीतीने एकाच दारातून होते, फक्त आत येणाऱ्या कॅल्शियमची मात्रा आणि गती निराळी असते.

वाढत्या वयाचा मेंदू

जन्माच्या सुमारास मेंदूच्या बाह्यकात ग्लुएन-२बी असलेले ग्राही अधिक असतात. ते सावकाश मिटतात, म्हणून योगायोगाची नोंद घेण्यास त्यांना अधिक वेळ मिळतो. वय आणि अनुभव वाढतो तशी त्यांची जागा लवकर मिटणाऱ्या ग्लुएन-२ए च्या ग्राहींकडे जाऊ लागते, आणि मेंदूची घडण अधिक नेमकी पण कमी लवचीक होते. मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा झाकून ठेवला तर दृष्टिबाह्यकातील पेशी उघड्या डोळ्याच्या बाजूने झुकतात. परंतु १९८७ साली असे दिसले, की त्या काळात तेथील एनएमडीए ग्राही अडवले तर हा झुकाव घडत नाही. याचा अर्थ बालपणीचा अनुभव मेंदूत कोरला जाण्यासाठीही हेच दार उघडावे लागते.

हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकांतील दोष मुलांमध्ये कोणत्या रूपाने प्रकट होतात, हे २०१० नंतरच्या संशोधनातून कळू लागले. ग्लुएन-२बी च्या जनुकातील बदल बौद्धिक वाढ खुंटण्याशी, तर ग्लुएन-२ए च्या जनुकातील बदल अपस्मार आणि वाचा हरपणे यांच्या एकत्रित विकारांशी जोडलेले आढळले. काही बदलांनी ग्राही अतिसक्रिय होतो, तर काहींनी निकामी. त्यामुळे केवळ रोगाच्या नावावरून उपचार ठरवता येत नाही आणि त्या मुलातील विशिष्ट बदलाचा परिणाम आधी तपासावा लागतो.

अतिरेकाचे विष

१९५७ साली ल्युकस आणि न्यूहाउस यांना ग्लुटामेट टोचलेल्या लहान उंदरांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाचे आतील थर नष्ट झालेले आढळले. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी नवजात उंदरांच्या मेंदूतही अशी हानी दाखवली आणि उत्तेजनानेच पेशी मरते या घटनेला स्वतंत्र संज्ञा दिली, जिला मराठीत उत्तेजनविषता म्हणता येईल. ग्राही गरजेपेक्षा अधिक काळ उघडे राहिले की आत साचलेले कॅल्शियम प्रथिने आणि मेद तोडणारी विकरे मोकाट सोडते, पेशीतील ऊर्जाकेंद्रे कोलमडतात आणि पेशी फुगून किंवा आक्रसून मरते. एरवी असे होत नाही, कारण शेजारच्या तारकपेशी सांडलेले ग्लुटामेट ताबडतोब उचलून घेतात. पेशींच्या आत त्याची साठवण बाहेरच्या द्रवाच्या मानाने हजारो पटींनी अधिक असते आणि हा फरक राखण्यासाठी मेंदू सतत ऊर्जा खर्च करतो.

येथे एक गैरसमज दूर करणे योग्य ठरेल. नूडल्स आणि मंचुरियनच्या गाड्यांवर 'अजिनोमोटो' म्हणून घातले जाणारे मीठ हे ग्लुटामेटचेच असले, तरी अन्नातील ग्लुटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशीच वापरून टाकतात आणि उरलेले रक्तातून मेंदूत सहज शिरू शकत नाही. म्हणून ओल्नी यांच्या टोचण्यांच्या प्रयोगावरून जेवणाच्या ताटाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. मात्र अन्नातून येणाऱ्या एका उत्तेजक विषाचे खरे उदाहरण मध्य भारतात आणि पूर्व विदर्भात परिचित आहे. धानाच्या बांध्यांत भात कापणीपूर्वी पेरली जाणारी लाखोळी, म्हणजेच लाख किंवा खेसारी, हे चिवट पीक दुष्काळातही तग धरते, आणि नेमके त्याच काळात महिनोन्महिने तेच मुख्य अन्न झाले की काहींच्या पायांतील शक्ती कायमची जाते. १९६४ साली बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी तिच्यातील विषारी अमिनो आम्ल वेगळे काढले. ते प्रामुख्याने अ‍ॅम्पा ग्राहींना चेतवते. तरीही ग्लुटामेटच्या ग्राहींचे अतिउत्तेजन माणसाच्या चेतापेशींना कसे निकामी करते, हे समजण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मराठी वाचकाला सापडणे कठीण.

पक्षाघातात रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत पेशींची ऊर्जा संपते, ग्लुटामेट उचलून घेणारे पंप थांबतात, किंबहुना उलटे फिरतात, आणि चेतासंधींत त्याचा पूर येतो. एनएमडीए ग्राही अडवल्याने प्राण्यांमधील हानी लक्षणीय घटल्यामुळे १९९० च्या दशकात सेल्फोटेल, अ‍ॅप्टिगानेल, गॅव्हेस्टिनेल अशा अनेक औषधांच्या मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्या एकामागून एक अयशस्वी ठरल्या. नैसर्गिक बूच असलेले मॅग्नेशियमही वापरून पाहण्यात आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १७०० रुग्णांना रुग्णवाहिकेतच, लक्षणे सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत औषध किंवा निष्प्रभ द्रव देण्यात आले, तरीही अपंगत्व कमी झाले नाही.

या अपयशाची कारणे शिकवण देणारी आहेत. ग्लुटामेटचा पूर पहिल्या काही तासांतच येऊन ओसरतो, तर रुग्ण बहुधा उशिरा पोहोचतो. औषधाची परिणामकारक मात्रा दिली की भ्रम आणि रक्तदाबातील चढउतार होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हेच ग्राही वाचलेल्या पेशींना जगण्याचा संदेशही देत असतात. २००२ साली हार्डिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की चेतासंधीच्या आतील एनएमडीए ग्राही पेशीचे रक्षण करणारी जनुके चालवतात, तर संधीबाहेरील ग्राही ती बंद पाडून पेशीला मृत्यूकडे ढकलतात. ही विभागणी सर्वत्र इतकी काटेकोर नसल्याचे पुढील काही प्रयोगांतून दिसले असले, तरी सर्व दारे एकदम बंद करणे हा उपाय नव्हे, हा धडा कायम राहिला.

हलक्या हाताची औषधे

या धड्याच्या पार्श्वभूमीवर मेमँटिनचे यश समजून घ्यावे लागते. हे औषध नळी उघडी असतानाच आत शिरते आणि फार काळ अडकून न बसता चटकन बाहेर पडते. त्यामुळे ग्राही सतत उघडा राहिला असेल तेथे त्याचा अडथळा अधिक होतो आणि क्षणभर येणाऱ्या सामान्य निरोपाला तो फारसा होत नाही. अल्झायमरच्या मध्यम व तीव्र अवस्थेसाठी युरोपात २००२ मध्ये आणि अमेरिकेत २००३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याचा लाभ माफक आहे; रोग थांबत नाही आणि गेलेल्या आठवणी परत येत नाहीत, परंतु दैनंदिन व्यवहारांतील घसरण काही रुग्णांमध्ये थोडी मंदावते. त्याच कुळातील अ‍ॅमँटाडिन फ्लूसाठी घेतलेल्या एका रुग्णाचा कंपवात सौम्य झाला, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आले आणि आज ते कंपवाताच्या दीर्घ उपचारात उद्भवणाऱ्या अनैच्छिक हालचालींवर वापरले जाते.

वेदनेच्या क्षेत्रातही या ग्राहीचे स्थान महत्त्वाचे आहे. जखमेतून एकसारखे येणारे संदेश मज्जारज्जूतील एनएमडीए ग्राहींना उघडतात आणि तेथील पेशी इतक्या हळव्या होतात, की साधा स्पर्शही दुखू लागतो. वेदनेचीही अशी एक आठवण तयार होते, आणि म्हणूनच मोठ्या शस्त्रक्रियेनंतर हाच ग्राही अडवणाऱ्या केटामाइन या औषधाची अल्प मात्रा काही रुग्णांना उपयोगी पडते.

उणिवेची किंमत

केटामाइन हे या कथेतील सर्वांत विलक्षण औषध होय. फेनसायक्लिडिन हे त्याचे पूर्वज भूल देण्यासाठी आणले गेले होते, परंतु शुद्धीवर येताना रुग्णांना भ्रम होत असल्यामुळे ते मागे पडले. १९६२ साली केल्विन स्टीव्हन्स यांनी त्याहून सौम्य असे केटामाइन तयार केले. श्वास आणि रक्तदाब बऱ्याच अंशी टिकवून ते भूल देते, त्यामुळे जेथे साधने अपुरी असतात अशा ग्रामीण रुग्णालयांतील आणि आपत्तीच्या ठिकाणच्या भूलतज्ज्ञांना ते आजही मोठा आधार आहे. ही दोन्ही औषधे एनएमडीए ग्राहीची नळी अडवतात, असे डेव्हिड लॉज आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवले.

१९९४ साली जॉन क्रिस्टल यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना केटामाइनची कमी मात्रा दिली, तेव्हा त्यांच्यात संशय, आभास, विचारांचा विस्कळीतपणा, भावशून्यता आणि स्मरणदोष अशी स्किझोफ्रेनियाशी मिळतीजुळती लक्षणे तात्पुरती दिसली. तोवर या आजाराचे विवेचन प्रामुख्याने डोपामिन या रसायनाभोवती फिरत होते, परंतु डोपामिनला अडवणारी औषधे भास कमी करतात आणि उदासीनता व बौद्धिक दुर्बलता मात्र तशीच राहते. एनएमडीए ग्राहींच्या उणिवेची कल्पना तिन्ही प्रकारच्या लक्षणांना एका सूत्रात गुंफते. इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींवरील ग्राही क्षीण झाले की त्यांचा लगाम सुटतो आणि बाह्यकातील लयबद्ध व्यवहार विस्कळीत होतात, असे आज मानले जाते. २०२२ मध्ये हजारो रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात स्किझोफ्रेनियाचा धोका मोठ्या प्रमाणात वाढवणाऱ्या दहा जनुकांमध्ये ग्लुएन-२ए चे जनुक होते. मात्र उणीव भरून काढण्यासाठी ग्लायसिनचे प्रमाण वाढवणारे बिटोपर्टिनसारखे औषध मोठ्या चाचण्यांत अपेक्षेला उतरले नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरिनही ग्लायसिनच्याच जागी बसते. काही रुग्णांना त्याने होणारे मानसिक त्रास छातीच्या डॉक्टरांना चांगलेच ठाऊक असतात आणि या जागेचे मोल त्यांवरून कळते.

तेच केटामाइन नैराश्यात मात्र वरदान ठरू लागले आहे. २००० साली रॉबर्ट बर्मन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या छोट्या अभ्यासात एका अल्प मात्रेनंतर तीन दिवसांच्या आत दिसणारी सुधारणा नोंदवली. २००६ मध्ये कार्लोस झराटे यांच्या गटाने इतर औषधांना न जुमानणाऱ्या १८ रुग्णांमध्ये एका दिवसात मोठा परिणाम दाखवला. नेहमीच्या औषधांना कित्येक आठवडे लागतात, या पार्श्वभूमीवर आत्महत्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी या वेगाची किंमत शब्दांत सांगता येणार नाही. २०१९ साली एस्केटामाइन या त्याच्या एका रूपाला नाकात फवारण्याचे औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली. तथापि मेमँटिन हाच ग्राही अडवत असूनही नैराश्य घालवत नाही, त्यामुळे केवळ अडवणे हे स्पष्टीकरण अपुरे पडते. आवर घालणाऱ्या पेशी क्षणभर गप्प होऊन ग्लुटामेटची लाट उसळते आणि खुरटलेले चेतासंधी पुन्हा वाढू लागतात, ही उपपत्ती आज अधिक मानली जाते. परिणाम काही दिवसांत ओसरतो, आणि नशेसाठी वारंवार घेतले तर मूत्राशयाची गंभीर हानी होते, म्हणून हे औषध डॉक्टरांच्या नजरेखालीच घेण्याचे आहे.

शरीराचा स्वतःवरच हल्ला

या ग्राहीची उणीव माणसाला कोठवर नेते, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा एका आजाराने दिला. २००७ साली जोसेप दालमाउ यांनी बारा स्त्रियांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या सर्वांना टेराटोमा नावाची गाठ होती आणि ती बहुतेकींच्या अंडाशयात होती. या गाठीत चेतापेशींसारख्या पेशीही असू शकतात. प्रतिकारयंत्रणा त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती प्रतिपिंडे मेंदूतील ग्लुएन-१ ला चिकटतात. प्रतिपिंड ग्राहींना एकमेकांशी जखडते आणि पेशी त्यांना आवरणावरून आत ओढून घेते. पेशी मात्र मरत नाही. अनेक रुग्णांमध्ये, विशेषतः पुरुषांत आणि मुलांत, गाठ सापडत नाही, तर काहींमध्ये हर्पिस विषाणूचा मेंदूदाह होऊन गेल्यावर हा आजार उद्भवतो.

त्याचा क्रम जवळून पाहण्यासारखा आहे. आधी थोडा ताप, डोकेदुखी आणि कणकण येते. काही दिवसांत झोप उडते, बोलणे वाढते किंवा एकाएकी थांबते, कोणी मारायला आले आहे अशी भीती वाटते, नसलेले आवाज ऐकू येतात. मग आकडी येते, तोंड आणि जीभ चावल्यासारखी हलत राहतात, हातपाय विचित्र वळतात, आणि पुढे शुद्ध हरपून श्वासासाठी कृत्रिम यंत्र लागू शकते. आजाराच्या प्रारंभी अनेकांना मनोरुग्णालयात नेले जाते. आपल्याकडे हेच वर्तन अंगात येणे किंवा बाहेरची बाधा समजले जाण्याचा धोका उघड आहे. हा विकार माणसापुरता मर्यादितही नाही. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील क्नूट हे ध्रुवीय अस्वल २०११ साली पाण्यात पडून मेले, आणि त्याला हाच मेंदूदाह झाल्याचे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

ग्राही आत ओढले गेले असले तरी पेशी जिवंत असते, आणि हाच या आजारातील दिलासा आहे. गाठ असल्यास ती काढणे, स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, रक्तद्रवाची अदलाबदल आणि गरज पडल्यास रिटुक्सिमॅबसारखी औषधे यांनी प्रतिपिंडे घटतात आणि ग्राही पुन्हा आपल्या जागी येतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात, दोन वर्षांनंतर तपासता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के रुग्ण स्वतःचे व्यवहार स्वतः करण्याइतके सावरले होते, आणि उपचार लवकर सुरू होणे हे त्यांच्या सावरण्याचे एक मुख्य कारण होते.

समारोप

एनएमडीए ग्राहीच्या या आढाव्यातून एक निर्णय करता येतो. ज्या दाराच्या अटींमध्येच संयम आहे, त्याच्यावर बेफाम बळ वापरणारे उपचार टिकले नाहीत. सेल्फोटेल गेले, मेमँटिन राहिले, आणि भ्रम देणारे केटामाइन मोजक्या मात्रेत नैराश्यातून वर काढणारे ठरले. पुढचे संशोधन ग्राहीच्या विशिष्ट तुकड्यांना, विशिष्ट पेशींना आणि विशिष्ट रुग्णातील जनुकीय बदलांना ओळखून चालणार आहे, आणि त्याला वेळ लागेल. परंतु जे आजच ज्ञात आहे त्याचा उपयोग करण्यासाठी थांबण्याचे कारण नाही. पूर्वी कोणताही मानसिक आजार नसलेली तरुण मुलगी, मुलगा किंवा लहान मूल काही दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागले, आणि त्यासोबत ताप, आकडी किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली असल्या, तर कुटुंबाने मांत्रिकाकडे आणि डॉक्टरांनी केवळ झोपेच्या गोळ्यांकडे वळू नये. त्या रुग्णाला मेंदूरोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि पाठीच्या कण्यातील पाण्यात या ग्राहीविरुद्धची प्रतिपिंडे आहेत का ते तपासून घ्यावे, कारण हा आजार बरा होऊ शकतो.